एका बैलाच्या शेतकऱ्याचे मास्तर : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

महाशिवरात्र किंवा आषाढी एकादशी जवळ आली की बेळगावच्या बाजारात रताळ्यांची पोती उतरू लागतात. तालुक्याच्या पश्चिम भागातली, खानापूर-चंदगडकडच्या तांबड्या मातीतली ही रताळी पुढे दूरदूरच्या शहरांत जातात. सोबतीला भुईमुगाच्या शेंगा असतातच. उपवासाला रताळं आणि दाण्याचं कूट ही जोडी आपल्या घरात इतकी रुळलेली आहे, की तिच्याकडे शेतीचा धडा म्हणून कुणी बघत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एक मास्तर हीच जोडी घेऊन गावोगाव फिरत होते. जन्माने गुलाम, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं.

मराठी वाचकाला हे नाव नवीन नाही. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि राज्याच्या सीमा ओलांडून मराठी घरांत पोहोचलं. पण बहुतेकांच्या लक्षात राहतो तो भुईमुगापासून तीनशे वस्तू बनवणारा जादूगार. त्या तीनशे वस्तूंच्या मागे एक साधं, कष्टाचं आणि जास्त मोलाचं काम झाकलं गेलं आहे. दोन-चार एकर कसणाऱ्या, कर्जात बुडालेल्या कुटुंबाच्या ताटात चांगलं अन्न यावं आणि हातात दोन पैसे उरावेत, यासाठी या माणसाने सेहेचाळीस वर्षं घालवली. आज त्याच कामाची ही ओळख.

घोड्याच्या बदल्यात परत आलेलं मूल

जॉर्जचा जन्म मिसुरी राज्यातल्या डायमंड नावाच्या वस्तीजवळचा, साधारण १८६४ चा. नेमकी तारीख कुणी नोंदवलीच नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? त्याची आई मेरी. मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने तिला १८५५ साली ७०० डॉलरना विकत घेतलं होतं. वडील शेजारच्या मळ्यावरचे गुलाम होते आणि जॉर्जच्या जन्माच्या सुमारास ते अपघातात गेले, असं सांगितलं जातं.

ते दिवस अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे. गुलाम पळवून दुसरीकडे विकणाऱ्या टोळ्या रात्री-अपरात्री फिरत. अशाच एका टोळीने मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवलं. मोझेस कार्व्हरने माणूस पाठवून शोध घेतला. मेरी काही सापडली नाही. डांग्या खोकल्याने बेजार झालेलं पोर तेवढं परत मिळालं, आणि त्याच्या बदल्यात मोझेसने आपला शर्यतीचा घोडा दिला.

गुलामी संपली. मोझेस आणि त्याची बायको सुसान यांनी जॉर्जला आणि त्याचा थोरला भाऊ जिम याला घरातच वाढवलं. जिम धट्टाकट्टा, तो शेतावर जायचा. जॉर्ज अशक्त, म्हणून त्याच्या वाट्याला घरकाम आलं. स्वयंपाक, धुणं, शिवण, भरतकाम हे सगळं तो सुसानच्या हाताखाली शिकला. उरलेला वेळ रानात जायचा. आजारी रोपं आणून तो कुठेतरी आडोशाला लावायचा, माती बदलून बघायचा. पुढे शेजारपाजारचे लोक झाडं दाखवायला त्याला बोलवू लागले.

हे घरकाम त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचं ठरलं. पुढे शेतीचे प्राध्यापक पुष्कळ झाले, पण चूल पेटवून रांधणारा, कपडे धुणारा, सुई-दोरा हातात धरणारा प्राध्यापक विरळाच. शेतकऱ्याचं घर शेतात जसं चालतं तसं चुलीपाशीही चालतं, हे कार्व्हर यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शाळेसाठी पायपीट

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज दहा मैलांवरच्या निओशो गावी गेला. तिथे मराया वॉटकिन्स या बाईंनी त्याला आसरा दिला. त्या सुईण होत्या, लोकांचे कपडे धुवून घर चालवायच्या आणि औषधी वनस्पतींची त्यांना चांगली जाण होती. त्यांच्याकडे राहून, घरकाम करून जॉर्ज शिकला.

निओशोचं शिक्षण संपलं तसा तो कॅन्सस राज्यात गेला. कुठे धुणं, कुठे स्वयंपाक, आणि मिळेल तिथे शाळा. फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली गोऱ्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि तो लगेच ते गाव सोडून निघाला. पुढे एका कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला. तो हजर झाला तेव्हा कातडीचा रंग बघून त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग काही काळ त्याने स्वतः शेती केली. कॅन्ससच्या पश्चिमेच्या उघड्या माळावर, गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेकळांचं घर बांधून तो राहिला. १७ एकर रान नांगरलं, मका लावला, भाजीपाला लावला. लहरी हवामान आणि हातात पैसा नसण्याचं दुखणं त्याने अंगावर सोसलं.

१८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. तो चित्रकला शिकायला गेला होता. त्याच्या फुलापानांच्या चित्रांत झाडाचा बारकावा इतका अचूक असे, की चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनीच त्याला शेती-महाविद्यालयात जायला सुचवलं. १८९१ मध्ये तो एम्सच्या आयोवा शेती महाविद्यालयात दाखल झाला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीला बसू दिलं नाही, तळघरात गडीमाणसांबरोबर जेवावं लागलं. त्याने तेही सोसलं. १८९४ साली पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी. बुरशी आणि पिकांवरचे रोग यांत त्याचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. कॉलेजने त्याला अध्यापक म्हणून ठेवून घेतलं. तिथल्या प्राध्यापकांचा एक छोटा मुलगा त्याच्याबरोबर रानात फिरून झाडं ओळखायला शिकायचा. तो हेन्री वॉलेस पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

आयोवात राहिले असते तर कार्व्हर यांचं आयुष्य सुखात गेलं असतं. सुसज्ज प्रयोगशाळा होती, काचघर होतं, मान होता. तेवढ्यात दक्षिणेतून पत्र आलं.

टस्कीगीची दहा एकर

पत्र बुकर टी. वॉशिंग्टन यांचं होतं. तेही जन्माने गुलामच. अलाबामातल्या टस्कीगी गावी त्यांनी १८८१ साली काळ्या मुलामुलींसाठी हाताला काम शिकवणारी शाळा काढली होती. तिथे शेती विभाग सुरू करायचा होता. कार्व्हर वर्षाला १,००० डॉलर पगारावर १८९६ च्या शरद ऋतूत टस्कीगीला आले.

आले तेव्हा प्रयोगशाळा नावालाही नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन ते उकिरडे आणि भंगार धुंडाळायला निघाले. फुटक्या बाटल्या, जुने दिवे, पत्र्याचे डबे, तारा गोळा करून प्रयोगाची भांडी तयार झाली. दुसऱ्याच वर्षी, १८९७ साली, अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगीला प्रयोग-शेतासाठी वर्षाला १,५०० डॉलर मंजूर केले. गोऱ्यांसाठी असलेल्या ऑबर्नच्या केंद्राला जे मिळत होतं, त्यापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ होती. जमीनही कशी, तर दहाएक एकर, कस गेलेली, पावसाने ओघळी पडलेली.

इथेच कार्व्हर यांनी एक मोठा निर्णय घेतला. विकतचं रासायनिक खत, महागडी अवजारं यांवर प्रयोग करून ती माहिती शेतकऱ्याला सांगण्यात अर्थ नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्याच्याकडे एकच जनावर आहे, रोख पैसा नाही, त्याला जे परवडेल तेच इथे करून बघायचं. जंगलातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ, गोठ्यातलं शेण, घरातला केरकचरा यांचं कंपोस्ट त्यांनी कुजवलं आणि ते पड्या रानात घातलं. पहिला हंगाम आतबट्ट्याचा गेला. हळूहळू तीच जमीन पिकू लागली आणि आजूबाजूचे शेतकरी कुंपणापाशी उभे राहून बघू लागले.

उचल, कापूस आणि काकवी-मक्याचं ताट

त्या भागातला काळा शेतकरी कसा जगत होता, हे समजल्याशिवाय कार्व्हर यांचं काम समजत नाही.

गुलामी कागदावर संपली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. काळी कुटुंबं वाट्याने शेत करायची. बियाणं, खत आणि वर्षभराचा किराणा मालकाकडून किंवा दुकानदाराकडून उचल म्हणून घ्यायची. त्यावर भरमसाट व्याज. उचलीला तारण म्हणजे उभं पीक, आणि सावकाराला पीक हवं ते कापसाचंच, कारण कापूस लगेच विकला जातो. हंगामाच्या शेवटी खातेवही उघडली की शेतकऱ्याकडेच बाकी निघायची. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे वहीत काय लिहिलं आहे हे कोण तपासणार? पुन्हा उचल, पुन्हा कापूस. आपल्याकडे साखर कारखान्याची किंवा दुकानदाराची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

कापूस थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला असायचा. परसबागेला जागाच नाही. खायला काय, तर मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. तिन्ही गोष्टी दुकानातून उधारीवर. ताटात ना भाजी, ना डाळ, ना दूध.

या ताटातून एक भयानक रोग पसरला. पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, मग जुलाब, मग बुद्धिभ्रम आणि अखेर मृत्यू. १९०६ साली अलाबामातल्याच एका मनोरुग्णालयात त्याची मोठी साथ दिसली. अनेकांना तो संसर्गजन्य रोग वाटायचा. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अभ्यास करून दाखवलं की हा जंतूंचा नाही, अपुऱ्या आहाराचा रोग आहे. त्यात नायासिन हे जीवनसत्त्व कमी पडतं, हे तर १९३७ साली कळलं. आपल्याकडेही हा रोग होता. हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास, दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत तो आढळतो, हे दाखवलं. भाकरी वाईट असते असं नाही. नुसती भाकरी असते तेव्हा शरीर खंगतं.

कार्व्हर यांना नायासिनचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण शेतकऱ्याच्या मुलांचे चेहरे बघून दुखणं ताटात आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

चवळी, रताळं, भुईमूग

त्यांनी तीन पिकं पुढे केली. पहिली चवळी. तिच्या मुळांवर गाठी येतात, त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून जमिनीत साठवतात. म्हणजे खताचा खर्च वाचतो, वर खायला शेंगा आणि जनावराला चारा. दुसरं रताळं. हलक्या रानात भरपूर येतं, पोट भरतं, नीट साठवलं तर हिवाळाभर टिकतं. तिसरा भुईमूग. चवळीसारखाच जमीन सुधारणारा, वर प्रथिनं आणि तेल देणारा. पेलाग्रात जे कमी पडतं ते नायासिन शेंगदाण्यात भरपूर असतं, हे नंतर सिद्ध झालं.

हिशोब सोपा होता. एका वर्षी कापूस, पुढच्या वर्षी शेंगवर्गीय पीक. माती सुधारली की पुढचा कापूसही चांगला येतो. घराभोवती भाजीपाला, दोन कोंबड्या, एक डुक्कर, जमल्यास गाय. जे घरात पिकतं ते दुकानातून उधार आणावं लागत नाही, आणि उधारी जेवढी कमी तेवढा सावकाराचा फास सैल.

बचतीचं गणितही ते असंच मांडायचे. कामाच्या प्रत्येक दिवशी पाच सेंट बाजूला टाकले, तर वर्षाअखेर १५ डॉलर ६५ सेंट होतात. एकराला ५ डॉलर भाव धरला तर तीन एकर जमीन येते आणि वर ६५ सेंट उरतात. स्वतःच्या नावावर तीन एकर! वाट्याने राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते केवढं मोठं स्वप्न ठेवत होते, याचा विचार करा.

एक पुस्तिका, तीन वाचक

हे ज्ञान पोहोचवायचं कसं? १८९८ पासून कार्व्हर यांनी छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. आयुष्यात अशा ४४ पुस्तिका निघाल्या. पहिली होती ओकच्या झाडाखाली फुकट पडणारी फळं डुकरांना खाऊ घालण्याबद्दल. नंतर कस गेलेली जमीन कशी सुधारावी, चवळी कशी लावावी, टोमॅटो कसा घ्यावा, गरम हवेत मांस कसं टिकवावं, रानातल्या रंगीत मातीने घर कसं रंगवावं, असे विषय आले. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि शेंगदाण्याच्या १०५ पाककृती होत्या.

या पुस्तिका ते तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहीत. शेतकऱ्यासाठी लागवडीची माहिती, तीही त्याच्या बोलीतल्या साध्या शब्दांत. शाळामास्तरांसाठी त्यामागचं थोडं शास्त्र, म्हणजे मुलांना शिकवता येईल. आणि घरच्या बाईसाठी रांधायच्या पद्धती. एकाच पुस्तिकेत शेत, शाळा आणि चूल.

पाककृती कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर त्या घरातच होतं. तिथे शेंगा म्हणजे डुकरांचं किंवा पोरांच्या चाळ्याचं खाणं समजलं जायचं. नवीन पीक लावा म्हणून सांगितलं आणि ते शिजवायचं कसं हे सांगितलंच नाही, तर पीक पडून राहतं. म्हणून सूप, भाकरी, खीर, कोशिंबीर असं सगळं शेंगदाण्याचं करून दाखवलं. टस्कीगीच्या गृहविज्ञानाच्या मुलींनी संस्थेच्या पाहुण्यांना एकदा शेंगदाण्याच्याच पदार्थांचं जेवण वाढलं होतं. लहानपणी सुसानच्या हाताखाली शिकलेला स्वयंपाक असा कामी आला.

या कामाचा धागा आपल्याकडेही येऊन पोहोचला. गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज १९२९ च्या सुमारास टस्कीगीला गेले होते. त्यांच्यामुळे कार्व्हर यांचा गांधीजींशी संबंध आला. शाकाहारी माणसाला बळ देईल असा आहार कार्व्हर यांनी सुचवला आणि आपल्या पुस्तिकाही पाठवल्या.

खेचरांच्या गाडीतून शाळा

पण ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? १८९७ पासून टस्कीगीत शेतकऱ्यांचे मासिक मेळावे भरू लागले होते. शेतकरी बायका-पोरांसह यायचे, प्रयोगाची राने बघायचे, जाताना बियाणं न्यायचे. तरी लांबचे, अगदी गरीब शेतकरी येऊ शकत नव्हते. सुट्टीच्या दिवशी कार्व्हर स्वतः गाडी जुंपून वाड्यावस्त्यांवर जात, चर्चच्या अंगणात माणसं जमवत.

यातूनच १९०६ साली फिरत्या शाळेची कल्पना प्रत्यक्षात आली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला, म्हणून तिला जेसप वॅगन म्हणत. खेचरांच्या गाडीत नांगर, बियाणं, ताक घुसळायचं यंत्र, दुधाची फॅट तपासायचं साधन असं सगळं भरलेलं. गाडी एखाद्याच्या शेतावर थांबायची, आणि त्याच्याच रानात, त्याच्याच जनावराने नांगरून दाखवायचं. त्याच वर्षी टस्कीगीचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांची अमेरिकन सरकारने नेमणूक केली. ते देशातले पहिले काळे शेती-विस्तार अधिकारी. पुढे गाडीची जागा मोटारीने घेतली आणि सोबत परिचारिका व गृहविज्ञान शिकवणारी बाईही जाऊ लागली. शेती, आरोग्य आणि स्वयंपाक एकाच गाडीतून गावात यायचे. आज आपल्याकडे कृषी खातं वेगळं, आरोग्य खातं वेगळं आणि अंगणवाडी वेगळी. तिन्ही एका दिवशी एका घरी गेलेली कुणी पाहिली आहेत का?

शेंगा पिकल्या, पण विकायच्या कुठे?

१९१० च्या सुमारास अलाबामाच्या कापसात सोंड्या भुंगा शिरला. बोंडं पोखरून त्याने पिकंच्या पिकं फस्त केली. एरवी न ऐकणारे शेतकरीही भुईमुगाकडे वळले. त्याच राज्यातल्या एंटरप्राइज गावाने तर १९१९ साली या भुंग्याचंच स्मारक उभं केलं, कारण त्याच्यामुळे गाव भुईमुगाकडे वळलं आणि सावरलं.

घरापुरतं पिकवण्याचा प्रश्न मिटला, पण जास्त पिकलं तर घेणार कोण? हा प्रश्न कार्व्हर यांनी प्रयोगशाळेत नेला. शेंगदाण्याचं दूध, तेल, पीठ, रंग, साबण, सौंदर्यप्रसाधनं अशा शेकडो वस्तू त्यांनी करून पाहिल्या. भुईमुगाच्या तीनशेवर आणि रताळ्याच्या शंभरावर, असा आकडा सांगितला जातो.

१९२१ च्या जानेवारीत भुईमूग उत्पादकांनी त्यांना वॉशिंग्टनला, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पाठवलं. चीन-जपानकडून येणाऱ्या स्वस्त शेंगांवर जकात हवी होती. वेळ मिळाला दहा मिनिटं. एका सदस्याने टरबुजावरून काळ्या माणसाला लागेल असा खवचट टोमणाही मारला. कार्व्हर यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पेटीतून एकेक वस्तू काढत, हसतखेळत ते बोलत गेले. सदस्य ऐकत राहिले, वेळ वाढत गेला आणि तासाहून अधिक काळ उलटला. १९२२ च्या कायद्यात शेंगांवर भरीव जकात बसली. त्या दिवसापासून कार्व्हर देशभर गाजले.

जे जमलं नाही ते

मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना जे जमलं नाही तेही सांगायला हवं. पीनट बटरचा शोध कार्व्हर यांचा नाही. तीनशे वस्तूंपैकी बऱ्याच म्हणजे पाककृती किंवा आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी होत्या. बाजारात टिकलेल्या फार थोड्या. त्यांच्या नावावर पेटंट अवघी तीन. कारभारात ते कच्चे होते. टस्कीगीच्या कोंबड्यांच्या खुराड्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती, तिचे अहवाल फुगवलेले निघाले आणि वॉशिंग्टन यांनी कानउघाडणी केली. दोघांचे खटके कायमच उडत. कार्व्हर राजीनाम्याची भाषा करायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

याहून मोठी अडचण त्यांच्या हाताबाहेरची होती. पुस्तिकेत लिहिलं चवळी लावा, पण मालक म्हणाला कापूसच लाव, तर वाटेकरी काय करणार? परसबाग लाव म्हटलं, पण घरच मालकाचं, पुढच्या वर्षी तिथे राहू की नाही ठाऊक नाही. ज्यांची थोडी का होईना स्वतःची जमीन होती, त्यांना कार्व्हर यांच्या सल्ल्याचा खरा उपयोग झाला. बाकीचे लाखो लोक पहिल्या महायुद्धाच्या काळात गाठोडं बांधून उत्तरेच्या शहरांकडे निघून गेले. ज्ञानाने कस गेलेल्या जमिनीत जीव येतो, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे तो प्रश्न ज्ञानाने सुटत नाही. पाच सेंटच्या बचतीतून तीन एकरचं गणित ते का मांडत होते, ते इथे कळतं. त्यांनाही हे ठाऊक होतं.

दोन खोल्यांतला म्हातारा

कार्व्हर यांनी लग्न केलं नाही. संस्थेच्या वसतिगृहात राहिले. जुना कोट, त्यावर रोज एक ताजं फूल. पगारवाढीची त्यांना पर्वा नव्हती. चेक महिनोन् महिने न वटवता पडून राहत आणि हिशोबनीस वैतागत. देशोदेशीचे लोक भेटायला येत. हेन्री फोर्ड मित्र होते, अध्यक्ष रूझवेल्ट १९३९ साली टस्कीगीत येऊन भेटून गेले.

दुसरं महायुद्ध पेटलं, अन्न जपून वापरायचे दिवस आले. तेव्हा, १९४२ साली, अंगात रक्त नसलेल्या या म्हाताऱ्याने रानभाज्यांवर पुस्तिका काढली. आपल्या चाकवताच्या जातीची भाजी तिकडेही तण म्हणून उपटून फेकत. ती खा, असं ते सांगत होते. साठ हजार डॉलरची आयुष्यभराची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी संस्थेला देऊन टाकली. १९४३ च्या ५ जानेवारीला, जिन्यावरून पडल्यानंतरच्या आजारपणात ते गेले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरलं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकन सरकारने मिसुरीतलं त्यांचं जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. राष्ट्राध्यक्ष नसलेल्या व्यक्तीचं असं ते पहिलंच स्मारक. ज्या शेतावरून त्यांच्या आईला चोरून नेलं होतं, तेच हे शेत.

त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट पाहिला तर आधी माती, मग ताट आणि सगळ्यात शेवटी बाजार, असा दिसतो. आपल्याकडे बहुतेक योजना उलट बाजूने सुरू होतात. आधी बाजारात काय विकलं जातं ते बघतात, ते पीक लावतात, आणि घरचं शेत असून तूरडाळ आणि भाजी पिशवी घेऊन दुकानातून आणतात. दोन एकरच्या उसाच्या बांधाला चवळीचा एक वाफा, परड्यात शेवग्याचं एक झाड आणि चार कोंबड्या, एवढं करायला कुठल्याही सरकारचं अनुदान लागत नाही. कन्नड असो वा मराठी, सल्ला शेतकऱ्याच्या भाषेत आणि घरच्या बाईच्या हातात पोहोचला पाहिजे, एवढं मात्र लागतं.

पुढच्या एकादशीला ताटात रताळं आणि दाण्याचं कूट आलं, की त्या मास्तरांची आठवण काढायला हरकत नाही.